प्रबंध संपत आला असताना संदर्भ-सॉफ्टवेअर अडले तर: सीमाभागातील संशोधक विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील समाज, भाषा किंवा इतिहास यांवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत बहुधा तीन लिप्या येतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८४ साली निघालेला बेळगाव खंड इंग्रजीत आहे, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरची बरीच शासकीय कागदपत्रे कन्नडात आहेत, आणि वृत्तपत्रांचे जुने अंक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल हे सारे मराठीत आहे. झोटेरो, मेंडेली, एंडनोट ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर मात्र रोमन लिपीतील नावे, रोमन लिपीतील अकारविल्हे आणि इंग्रजी ग्रंथांची मांडणी डोळ्यांसमोर ठेवून घडलेली आहेत. त्यामुळे इतर विद्यार्थ्यांना येणाऱ्या नेहमीच्या अडचणी आपल्या विद्यार्थ्यांना येतातच, शिवाय आणखी काही अडचणी वाट्याला येतात, ज्यांचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये क्वचितच आढळतो.

या लेखातील उदाहरणे मुख्यतः झोटेरोची आहेत, कारण ते विनामूल्य आहे, इंटरनेट नसतानाही चालते आणि २००६ पासून सातत्याने विकसित होत आले आहे. धडपड सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. पडद्यावर दिसणारी चूक चारपैकी एका ठिकाणी असते: तुमच्या संग्रहातील नोंदीत, संदर्भ कसे मांडायचे हे ठरवणाऱ्या संदर्भशैलीच्या फाइलमध्ये, प्रबंधाच्या दस्तऐवजात किंवा संदर्भ-सॉफ्टवेअर आणि वर्ड यांच्या जोडणीत. ती कोठे आहे हे ठरवण्याआधी दुरुस्तीला हात घातला, तर नोंदीतील चूक दस्तऐवजात पुसली जाते आणि पुढच्या अद्ययावतीकरणात पुन्हा उगवते.

पहिली पायरी: प्रत काढणे

प्रबंधाची वर्ड फाइल ‘सेव्ह ॲज’ करून तिच्या नावात दिनांक घालावा आणि दुरुस्तीचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. एवढ्याने काम पूर्ण होत नाही, कारण नोंदींचा संग्रह वेगळ्या ठिकाणी असतो. झोटेरो पूर्ण बंद करून संगणकावरील तुमच्या वापरकर्ता-फोल्डरमधील ‘झोटेरो’ नावाचे फोल्डर जसेच्या तसे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. हे फोल्डर वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हच्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये मात्र ठेवू नये. त्या सेवा उघड्या असलेल्या डेटाबेसची फाइल अर्धवट उचलतात आणि संग्रह खराब होण्याचे ते एक ठाऊक असलेले कारण आहे. दोन संगणकांवर काम करायचे असेल, तर झोटेरोचीच जुळवणी वापरावी. तिथे विनामूल्य जागा ३०० एमबी आहे. ही मर्यादा जोडलेल्या पीडीएफ फाइलींना लागते, नोंदींच्या मजकुराला नाही.

काम चालू असताना वीज गेली आणि त्यानंतर झोटेरो विचित्र वागू लागले, तर सेटिंग्जमधील ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात डेटाबेसची अखंडता तपासण्याची सोय आहे, ती आधी वापरावी.

दुसरी पायरी: चूक कोठे आहे ते ठरवणे

एक कोरा दस्तऐवज उघडावा आणि अडलेला संदर्भ त्यात नव्याने घालून पाहावा. कोऱ्या दस्तऐवजातही तीच त्रुटी आली, तर दोष सॉफ्टवेअरच्या जोडणीत किंवा त्या नोंदीत आहे. तिथे सर्व सुरळीत चालले, तर दोष प्रबंधाच्या फाइलमध्ये आहे. संदर्भ उमटतो पण त्याचे रूप चुकीचे आहे, अशा वेळी शैली तात्पुरती बदलावी: एपीए वापरत असाल तर शिकागो निवडून पाहावी. दोन्ही शैलींत चूक कायम राहिली तर नोंद दुरुस्त करावी, एकाच शैलीत असेल तर शैलीकडे पाहावे.

ही चाचणी करायला फार वेळ लागत नाही. ती न करता सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. पुन्हा बसवल्याने दस्तऐवजातील दोष जात नाही, आणि घाईत संग्रहाचे फोल्डरच पुसले गेले तर मोठे नुकसान होते.

जोडणीचे दोष

वर्डमध्ये झोटेरोचा टॅबच दिसत नसेल, तर झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट’ (Cite) विभागात वर्डचे ॲड-इन, म्हणजे वर्डला झोटेरोशी जोडणारा पूरक प्रोग्राम, पुन्हा बसवण्याचे बटण आहे. त्या वेळी वर्ड बंद असावे. टॅब दिसतो पण संपर्क होत नाही, अशा वेळी दोनपैकी एक प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ पद्धतीने उघडलेला आहे का ते पाहावे. दोन्हींचे अधिकार वेगवेगळे असतील तर ते एकमेकांशी बोलू शकत नाहीत. मार्गदर्शकांनी ईमेलने परत पाठवलेली फाइल वर्ड संरक्षित स्वरूपात उघडते, तेव्हा वरच्या पिवळ्या पट्टीवरील ‘एनेबल एडिटिंग’ दाबल्याशिवाय कोणताही संदर्भ घालता येत नाही.

मेंडेली वापरणाऱ्यांनी एक बदल ध्यानात घ्यावा. मेंडेली डेस्कटॉप हा जुना प्रोग्राम सप्टेंबर २०२२ पासून नव्याने उतरवून घेता येत नाही आणि त्याच्या जागी मेंडेली रेफरन्स मॅनेजर व वर्डसाठी मेंडेली साइट आले आहे. जुन्या ॲड-इनने घातलेले संदर्भ नव्यात रूपांतरित करावे लागतात. एंडनोटमध्ये मजकुरात महिरपी कंसांत लेखक, वर्ष आणि क्रमांक दिसू लागला, तर घाबरण्याचे कारण नाही: संदर्भ तात्पुरत्या रूपात आहेत आणि ‘अपडेट सायटेशन्स अँड बिब्लिऑग्राफी’ दाबल्यावर ते पूर्ववत होतात. मात्र एंडनोटची संग्रहफाइल आणि तिच्याच नावाचे डेटा फोल्डर ही जोडी कधीही वेगळी करू नये. संगणक बदलताना दोन्ही एकत्र न्यावीत.

सादरीकरणाला महिना-दोन महिने उरले असताना एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जाऊ नये, मग दुसरे कितीही चांगले असो.

दस्तऐवजातील दोष शोधण्याची रीत

संदर्भ म्हणून जे दिसते तो साधा मजकूर नसतो. वर्डमध्ये तो एक ‘फील्ड’ असतो. दिसणाऱ्या कंसामागे नोंदीची ओळख आणि तिची पूर्ण माहिती दडलेली असते. ऑल्ट आणि एफ९ ही कळांची जोडी दाबली की सर्व फील्डांचा आतला मजकूर उघडा होतो, पुन्हा दाबली की झाकला जातो. एखादा संदर्भ जिवंत आहे की कोणीतरी हाताने टंकलेला आहे, हे ओळखण्याची ही सर्वांत खात्रीची खूण आहे.

‘हा संदर्भ झोटेरोने तयार केल्यानंतर तुम्ही बदलला आहे’ अशा अर्थाचा संदेश आला की त्याचे उत्तर विचार करून द्यावे. ‘यस’ म्हटले तर तुमचा हाताने केलेला बदल राहतो, परंतु तो संदर्भ यापुढे कधीही आपोआप अद्ययावत होत नाही. ‘नो’ म्हटले तर बदल पुसला जाऊन मूळ रूप परत येते. बहुतेक वेळा ‘नो’ म्हणणे योग्य, आणि जो बदल हवा होता तो संदर्भ घालण्याच्या चौकटीतूनच करावा. पृष्ठक्रमांक, आधीचा किंवा नंतरचा शब्द, लेखकाचे नाव वगळण्याची खूण, या सर्वांसाठी तिथे जागा आहे. हाच नियम संदर्भसूचीला लागतो. सूचीत थेट जाऊन दुरुस्त केलेले स्वल्पविराम आणि शब्द पुढच्या ‘रिफ्रेश’ला नाहीसे होतात, म्हणून दुरुस्ती नोंदीत करावी.

‘ही नोंद संग्रहात आता नाही’ असा संदेश आला, तर आधी झोटेरोची कचरापेटी पाहावी. दुबार नोंदी साफ करताना बरेच विद्यार्थी त्यांपैकी एक सरळ पुसून टाकतात. नेमकी तीच प्रबंधात वापरलेली असते. दुबार नोंदी पुसायच्या नसतात, एकत्र करायच्या असतात: ‘डुप्लिकेट आयटम्स’मध्ये दोन्ही निवडून ‘मर्ज’ केले की प्रबंधातील दुवे शाबूत राहतात. मार्गदर्शकांच्या सामायिक गटातील नोंद आणि तुमच्या स्वतःच्या संग्रहातील नोंद या मात्र सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या अशा एकत्र होत नाहीत. एकाच ग्रंथाला सूचीत दोन वेगळी अक्षरे चिकटून वर्ष दोनदा दिसू लागले, तर प्रकरणानुसार कोणत्या संग्रहातून संदर्भ घेतला होता ते तपासावे आणि सर्वत्र एकच संग्रह ठेवावा.

आता सर्वांत त्रासदायक प्रकार: ‘रिफ्रेश’ दाबले की त्रुटी येते आणि ती कोठून येते ते कळत नाही. यासाठी फाइल अर्धी-अर्धी करत जाण्याची रीत उत्तम आहे. प्रबंधाची एक प्रत घ्यावी, तिचा उत्तरार्ध पुसावा आणि ‘रिफ्रेश’ दाबावे. त्रुटी आली तर दोष पूर्वार्धात आहे, न आली तर उत्तरार्धात. ज्या अर्ध्यात दोष आहे त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. तीनशे पानांच्या प्रबंधातही नऊ वेळा असे विभाजन केले की शोध एका पानापर्यंत येऊन पोहोचतो. त्या पानावरील संशयित संदर्भ मूळ फाइलमधून काढून नव्याने घालावा. विभाजन करताना तळटीपा विसरू नयेत. तळटीप-शैली वापरणाऱ्या इतिहासाच्या प्रबंधात खराब फील्ड बहुधा तिथेच असते.

शोधाला निघण्यापूर्वी काही ठिकाणे आधीच पाहून घ्यावीत. ‘ट्रॅक चेंजेस’ चालू असताना पुसलेले संदर्भ दिसेनासे होतात, पण फाइलमधून जात नाहीत. मार्गदर्शकांच्या सर्व दुरुस्त्या स्वीकारून किंवा नाकारून ती यादी रिकामी करावी. तक्त्याच्या किंवा आकृतीच्या मथळ्यात संदर्भ घातला असेल, तर तक्त्यांची यादी तयार होताना त्या फील्डची आणखी एक प्रत तिथे उमटते आणि गोंधळ होतो. त्यावर साधा उपाय असा, की मथळ्यात संदर्भ घालू नये आणि तक्त्याच्या खाली ‘स्रोत’ म्हणून स्वतंत्र ओळ देऊन संदर्भ तिथे घालावा. ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ किंवा ‘रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ ही वाक्ये मात्र झोटेरोची नसून वर्डच्या स्वतःच्या अनुक्रमणिकेची आणि परस्परसंदर्भांची आहेत. त्यासाठी झोटेरोत शोध घेऊ नये.

फाइल चालते, पण प्रत्येक संदर्भानंतर मिनिटभर अडकते, अशी तक्रार मोठ्या प्रबंधात येतेच. ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मधील संदर्भ आपोआप अद्ययावत करण्याची खूण काढावी. संदर्भ तात्पुरते अधोरेखित दिसतील, आणि दिवसाचे काम संपल्यावर एकदाच ‘रिफ्रेश’ करावे.

मराठी आणि कन्नड नोंदींचे खास दोष

सर्वांत आधी नावे. झोटेरोत लेखकाच्या नावासाठी आडनाव आणि नाव अशा दोन चौकटी असतात, आणि शेजारच्या लहान चिन्हाने त्या एकत्र करून एकच चौकट करता येते. संस्थेचे नाव दोन चौकटींत गेले, तर ‘भारत सरकार’चे ‘सरकार, भारत’ होते आणि ‘महाराष्ट्र एकीकरण समिती’ सूचीत ‘स’ अक्षराखाली जाऊन बसते. १९६६ साली नेमलेल्या आणि १९६७ साली अहवाल देणाऱ्या महाजन आयोगाच्या सीमाप्रश्नावरील अहवालासारखी कागदपत्रे प्रत्येक सीमाविषयक प्रबंधात असतात, म्हणून ही तपासणी टाळू नये. संस्था, समिती, आयोग, शासन, तसेच टोपणनावाने लिहिणारे लेखक यांच्यासाठी नेहमी एकच चौकट वापरावी. आडनावाऐवजी वडिलांच्या किंवा गावाच्या नावाची आद्याक्षरे लावणाऱ्या कन्नड लेखकांबाबत ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जे मुख्य नाव आहे ते पहिल्या चौकटीत आणि आद्याक्षरे दुसऱ्या चौकटीत घालावीत.

यानंतर आडनावांचा गुंता. आपल्या भागात पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावे इतकी सार्वत्रिक आहेत, की सूचीत तीन-चार पाटील सहज असतात. एपीए शैलीत एकाच आडनावाचे दोन वेगळे लेखक असतील, तर मजकुरातील संदर्भात आद्याक्षरे जोडली जातात. हे नियमाप्रमाणेच आहे आणि त्याला दोष समजू नये. पण एकच लेखक एका नोंदीत पूर्ण नावाने, दुसरीत आद्याक्षरांनी आणि तिसरीत आद्याक्षरांमधील टिंबांशिवाय आला असेल, तर सॉफ्टवेअर त्यांना तीन माणसे समजते आणि तीच आद्याक्षरे अकारण उमटू लागतात. म्हणून लेखकाच्या नावाने संग्रह क्रमवार लावून नावांचे लेखन एकसारखे करून घ्यावे.

मराठीत याला आणखी एक पदर आहे, जो डोळ्यांना दिसत नाही. ‘कऱ्हाडकर’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संगणकीय संकेतांत, दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलंत जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. छापून आल्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. शोधात एक नोंद सापडते आणि दुसरी सापडत नाही, दुबार नोंदी ओळखल्या जात नाहीत, सूचीत एकच लेखक दोनदा येतो. वेगवेगळ्या कळफलकांवरून टंकलेल्या किंवा संकेतस्थळांवरून उचललेल्या नोंदींमध्ये हे हमखास घडते. उपाय असा, की ते नाव एकदा नीट टंकावे आणि सर्व नोंदींत तेच चिकटवावे.

देवनागरी नावांमध्ये आडनाव आणि नाव यांच्यातील स्वल्पविराम किंवा मोकळी जागा काही शैलींत गळते, कारण नाव रोमन लिपीत नसले की त्याची जोडणी वेगळ्या नियमाने केली जाते. अंतिम सूची वाचताना मराठी आणि कन्नड नोंदींची नावे म्हणूनच एकेक करून पाहावीत. अशी नोंद सापडली तर तिथे एकच चौकट करून ‘आडनाव, नाव’ असे स्वतः लिहावे. मग मजकुरातील संदर्भातही पूर्ण नाव येईल हे मात्र लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

वर्ष देवनागरी अंकांत लिहिले तर सॉफ्टवेअर ते वर्ष म्हणून ओळखत नाही, परिणामी सूचीतील कालक्रम आणि संदर्भातील वर्ष दोन्ही बिघडतात. दिनांकाच्या चौकटीत इंग्रजी अंकच वापरावेत. प्रबंधात देवनागरी अंक हवे असतील, तर ते शेवटच्या गोठवलेल्या प्रतीत, म्हणजे संदर्भ साधा मजकूर करून घेतलेल्या प्रतीत, बदलावेत. जुन्या मराठी ग्रंथांवर केवळ शके असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, आणि वर्षाच्या अखेरच्या महिन्यांपुरते ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १८०६ म्हणजे इ.स. १८८४-८५. चौकटीत इसवी सन घालून मूळ शके टिपणात नोंदवून ठेवावा.

वृत्तपत्रांच्या नोंदीत ठिकाणाची चौकट रिकामी सोडू नये. ‘तरुण भारत’ या नावाचे दैनिक बेळगावचे आहे तसे नागपूरचेही आहे, आणि ती दोन स्वतंत्र वृत्तपत्रे आहेत. काही शैली वृत्तपत्राचे ठिकाण छापतच नाहीत, अशा वेळी नावाच्या चौकटीतच ‘तरुण भारत (बेळगाव)’ असे लिहिणे हिताचे. प्रकाशनस्थळ मात्र ग्रंथावर जसे छापले आहे तसेच ठेवावे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले म्हणून आधीच्या ग्रंथांवरील ‘बेळगाव’ किंवा त्याचे इंग्रजी रूप सरसकट बदलण्याचा आदेश वर्डला देऊ नये. संदर्भाचे काम वाचकाला तो ग्रंथ शोधून देण्याचे आहे, आणि ग्रंथालयाच्या तालिकेत तो जुन्याच नावाने असतो. २००४ साली महाराष्ट्राने सीमाप्रश्नी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यासारख्या कागदांसाठी ‘केस’ हा प्रकार निवडावा. ग्रंथाचा प्रकार निवडला, तर शैली लेखक आणि प्रकाशक शोधत बसते.

इंग्रजी शैलीत मराठी नोंदींमध्येही दोन लेखकांच्या मध्ये इंग्रजी ‘अँड’, पुढे ‘एट अल’, तळटीपेत ‘इबिड’ उमटते. काही विद्यार्थी हे शब्द हाताने बदलून ‘आणि’, ‘व इतर’, ‘तत्रैव’ असे करतात. परिच्छेद इकडचा तिकडे हलला की हाताने टंकलेला ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतो, आणि परीक्षकाच्या नजरेला हे चटकन येते. शैलीची फाइल ही साधी मजकूर-फाइल असते आणि तिच्यात हे शब्द एकदाच बदलून ठेवण्याची सोय आहे. शैली बदलल्यावर तिचे शीर्षक आणि ओळखक्रमांकही बदलावेत, अन्यथा झोटेरो मूळ शैली अद्ययावत करताना तुमचे बदल पुसून टाकेल. शैलीत हात घालण्याची सवय नसेल तर विभागातील संगणक जाणणाऱ्या सहकाऱ्याची मदत घ्यावी. हे काम एकदाच करायचे असते आणि नंतर विभागातील सर्व मराठी प्रबंधांना उपयोगी पडते.

मराठी, कन्नड आणि इंग्रजी संदर्भांच्या वेगळ्या याद्या विद्यापीठाने मागितल्या असतील, तर ते विभाजन झोटेरो स्वतःहून करत नाही. सर्व दुरुस्त्या संपल्यावर गोठवलेल्या प्रतीत ते हाताने करावे.

डीटीपी आणि जुने फॉन्ट

मराठी प्रबंधाचे टंकन डीटीपी करणाऱ्यांकडे देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, आणि जिवंत संदर्भ तिथे नाहीसे होतात. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोड नसतो. दिसताना ते देवनागरी असते, आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. कन्नडात नुडीच्या जुन्या फॉन्टांचे तसेच आहे. अशा परिच्छेदात झोटेरोचा युनिकोड संदर्भ पडला आणि सर्व मजकुराला तोच जुना फॉन्ट लावला, तर संदर्भाच्या जागी चौकोन किंवा वेगळ्याच फॉन्टाची अक्षरे दिसतात. उलट, जुन्या फॉन्टातील शीर्षक झोटेरोत चिकटवले तर तिथे अर्थहीन रोमन अक्षरांची माळ उमटते.

म्हणून टंकन सुरू होण्याआधीच डीटीपी करणाऱ्यांशी स्पष्ट बोलून घ्यावे: मजकूर युनिकोडमध्येच हवा, फाइल वर्डमध्येच राहील, पेजमेकरमध्ये नेली जाणार नाही, आणि कंसातील संदर्भ व तळटीपा कोणीही पुन्हा टंकणार नाही. जुन्या फॉन्टातील प्रकरणे आधीच तयार असतील तर ती रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावीत आणि जोडाक्षरे, रफार, अर्धा र यांचे मुद्रितशोधन करून मगच त्यांत संदर्भ घालावेत.

युनिकोड असूनही कन्नड नोंदी चौकोनांत दिसत असतील, तर वर्डमधील ‘बिब्लिऑग्राफी’ या नावाची परिच्छेद-शैली उघडून तिच्यातील ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा फॉन्ट बदलावा. विंडोजबरोबर येणाऱ्या निर्मला यूआय या फॉन्टात देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या आहेत.

फाइल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना

वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स यांत झोटेरो आपली खूण वेगवेगळ्या रीतीने साठवते. फाइल नुसती एकातून दुसऱ्यात उघडली तर संदर्भ दिसतात, परंतु त्यांच्यात जीव राहत नाही. योग्य मार्ग असा: मूळ प्रोग्राममध्ये ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’ उघडून दुसऱ्या शब्दप्रक्रियेकडे जाण्याचा पर्याय निवडावा, तयार झालेली फाइल नव्या प्रोग्राममध्ये उघडावी आणि तिथे ‘रिफ्रेश’ करावे. लिब्रेऑफिसमध्ये रेफरन्स मार्क वापरत असाल तर फाइल ओडीटी प्रकारातच साठवावी. मोबाइलवर फाइल उघडून केवळ वाचावी, साठवू नये.

वर्डऐवजी लाटेक ही आज्ञा टंकून मजकूर मांडण्याची प्रणाली वापरणाऱ्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह दिसले, तर आधी क्रम पूर्ण झाला आहे का ते पाहावे: एकदा लाटेक, मग संदर्भसूची तयार करणारे बिबटेक किंवा बायबर, मग पुन्हा दोनदा लाटेक. तरीही प्रश्नचिन्ह राहिले तर नोंदीच्या किल्लीचे स्पेलिंग, ओळीअखेरचा गळलेला स्वल्पविराम आणि शीर्षकातील टक्के किंवा अँपरसँड ही चिन्हे तपासावीत. त्यांच्याआधी उलटी तिरपी रेघ लागते. जुन्या साहाय्यक फाइली पुसून पुन्हा प्रयत्न करावा. देवनागरी किंवा कन्नड नोंदी असतील तर झीलाटेक किंवा लुआलाटेक आणि त्याच्या जोडीला बायबर घ्यावे. संस्थेचे नाव दुहेरी महिरपी कंसांत ठेवावे. लाटेकची एक सोय मात्र वर्डवाल्यांना नाही: प्रत्येक नोंदीला भाषेचा कळीचा शब्द दिला, की मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन वेगळ्या सूच्या आपोआप छापता येतात.

सादर करण्यापूर्वी

सर्व प्रकरणे एका फाइलमध्ये आल्यावर एकदा शेवटचे ‘रिफ्रेश’ करावे, फाइल साठवावी आणि तिची नवी प्रत काढावी. त्या नव्या प्रतीतच ‘अनलिंक सायटेशन्स’ वापरावे. आता संदर्भ साधा मजकूर झाले. भाषावार याद्या, देवनागरी अंक आणि उरलेले स्वल्पविराम यांची हातदुरुस्ती आता करावी, याआधी नाही. मग मजकुरातील प्रत्येक संदर्भ सूचीत आहे का आणि सूचीतील प्रत्येक ग्रंथ मजकुरात आला आहे का, याची कागदावर छापून घेऊन खूण करत पडताळणी करावी. पडद्यावर ही पडताळणी नीट होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधाचे इतर लेखनाशी साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, आणि मोजणीतून संदर्भसूची व योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे वगळली जातात. तपासणीच्या सॉफ्टवेअरला सूची कोठे सुरू होते हे कळावे यासाठी तिचे शीर्षक स्वतंत्र ओळीवर आणि शीर्षक-शैलीत असावे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारासाठी प्रकरणवार फाइली लागतात. त्या वर्डची फाइल तोडून करू नयेत, संपूर्ण प्रबंधाची पीडीएफ तयार करून तिचे भाग पाडावेत, म्हणजे तळटीपांचे क्रमांक आणि पृष्ठे बदलत नाहीत. पीडीएफमधील एखादे मराठी आणि एखादे कन्नड शीर्षक नक्कल करून कोऱ्या पानावर चिकटवून पाहावे. ते जसेच्या तसे उमटले, तर पुढचा अभ्यासक तुमच्या सूचीत शोध घेऊ शकेल.

जिवंत संदर्भ असलेली मूळ फाइल आणि झोटेरोच्या फोल्डरची प्रत पदवी हाती येईपर्यंत जपून ठेवावी. मौखिक परीक्षेनंतर परीक्षक दुरुस्त्या सुचवतात, एखादा परिच्छेद वाढतो, एखादा ग्रंथ सूचीत भरावा लागतो, आणि ते काम गोठवलेल्या प्रतीत न करता मूळ फाइलमध्ये करून नवी प्रत काढावी.